माझ्या निधनाची पत्रं

मी मेल्याची बातमी मी बाकी सगळं वाचते तशीच वाचली, अक्षराखाली बोट धरून, सावकाश. डिसेंबरचा पहिला आठवडा होता, दुपारचे तीन वाजत आले होते. धाकटी बहीण ताझुको न्हाणीघरात गरम पाण्यात बसली होती आणि मी तिच्या स्वयंपाकघरात मुळा सोलत होते. पार्सलवाला आला. ताझुचा शिक्का दाराजवळच्या बशीत असतो, तो मी सहीच्या जागी पावतीवर उठवला आणि खोकं आत आणलं. चपटं, जांभळ्या कागदात गुंडाळलेलं. वासावरूनच कळलं, उदबत्त्या. उदबत्त्यांचं खोकं घरी येतं म्हणजे कुणीतरी गेलेलं असतं. कोण गेलं, आणि मला कसं नाही कळलं, असं मनात आलं आणि वर खोचलेलं पत्र मी उघडलं. उघडायला नको होतं, नाव तिचं होतं. पण जिला छप्पन्न वर्षं कुठलंच पत्र वाचता आलं नाही, तिला एकदा वाचता यायला लागलं की आपलं पत्र आणि दुसऱ्याचं पत्र हा फरक फारसा उरत नाही. पत्रात लिहिलं होतं की बाई, आपल्या थोरल्या भगिनी किनुए सप्टेंबरात वारल्याचं आपल्या कार्डावरून कळलं, फार वाईट वाटलं, त्यांच्या फोटोपुढे या उदबत्त्या लावाव्यात. किनुए हे माझं नाव.

उशिरा अक्षरं शिकलेल्या माणसाला पहिला संशय स्वतःच्या वाचण्यावर येतो. मी ते पुन्हा वाचलं. मग उजेडात नेऊन तिसऱ्यांदा वाचलं. 'वारल्या' हे अक्षर मला चांगलं ओळखीचं आहे, नवऱ्याच्या वेळी कचेरीच्या पाच कागदांवर ते होतं आणि तेव्हा ते काय आहे हे मला खिडकीतल्या माणसाला विचारावं लागलं होतं. मुळा अर्धा सोलून झाला होता, तो आधी पुरा सोलला. मग हात पुसून मधल्या खोलीतलं कपाट उघडलं, जिथे ती दर वर्षी नववर्षाची कोरी कार्डं आणून ठेवते. कोरी कार्डं नव्हती. करड्या किनारीची, कोपऱ्यात कमळ छापलेली सतरा कार्डं उरली होती. घरात मरण झालं की त्या वर्षी आम्ही कुणाला नववर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाही, डिसेंबर लागायच्या सुमारास असं करड्या किनारीचं कार्ड पाठवून आधीच कळवतो, की आमच्याकडे दुखवटा आहे, यंदा माफ करा. हे कार्ड छापखान्यातूनच येतं. मजकूर छापलेला, पत्ते छापलेले. हाताने लिहायचं त्यात काही म्हणजे काही नसतं. ते मी कपाटापुढे उभी राहून वाचलं आणि तेव्हा मला कळलं की ताझुने मला का मारलं.

ती डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, तोंड लालबुंद.

"चहा टाकलास?"

"मेलेली माणसं चहा टाकत नाहीत," मी म्हटलं आणि कार्ड तिच्यापुढे धरलं.

तिने कार्ड बघितलं, मग खोकं बघितलं. लाजली वगैरे मुळीच नाही. खाली बसून कान कोरडे करायला लागली. "कुणी पाठवलं?"

"नाकात्सुजी म्हणून कुणीतरी आहे."

"नाकात्सुजी. पाचवी ब. सारखं नाक गळायचं त्याचं." खोकं तिने नाकाशी नेलं. "चांगल्या पाठवल्यात की गं. महागातल्या."

"ताझु, तू मला मारलंस."

"मग कुणाला मारू? आई-बाबा जाऊन जन्म लोटला. लग्न मी केलं नाही. मांजराचा दुखवटा कुणी धरत नाही. उरलं कोण? तूच."

"विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"सप्टेंबरातच का पण?"

"तुझा वाढदिवस होऊ दिला ना. एक्याऐंशी पुरी करून मारलीय, उगाच घाई नाही केली," ती म्हणाली. आणि मला हसू आलं, कारण आमच्या आमागासाकीच्या गल्लीत आम्ही अशाच बोलत वाढलो. हसले, आणि चहा टाकला.

आमच्याकडे अक्षरं दोन तऱ्हेची. धाकटी अक्षरं नुसत्या आवाजांची, पन्नासेक, पोरं पहिल्याच वर्षी शिकतात. थोरली अक्षरं एकेका शब्दाची एकेक, हजारोंनी, रेघेवर रेघ चढलेली, ती शिकण्यात शाळेची नऊ वर्षं जातात. माणूस किती शिकला ते थोरल्या अक्षरांवरून ठरतं. नुसत्या धाकट्या अक्षरांत लिहिलेलं पत्र आलं की लोक समजतात, लहान मूल आहे, नाहीतर किनुएसारखी बाई आहे. ताझु छत्तीस वर्षं शाळेत शिक्षिका होती. तिच्या हाताचं वळण असं की गावातल्या मिठाईवाल्याची पाटी तिची, शाळेच्या फाटकावरचं नाव तिचं. दर वर्षी दोनशे बारा नववर्षाची कार्डं ती कुंचल्याने एकेक लिहायची, प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला त्याच्या त्याच्या आठवणीचं एक वाक्य. एक तारखेला सकाळी तिच्या पेटीत तेवढीच यायची, रबरी फिती लावलेले चार गठ्ठे. माझ्या पेटीत अकरा, त्यांतलं एक दातांच्या डॉक्टरचं. गेल्या वसंतापासून थोरली अक्षरं ताझुला सोडून जायला लागली होती. हे मला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं आणि तिला माहीत होतं. दोनशे बारा जणांना कळू नये म्हणून तिला या वर्षी कार्डं टाळायची होती. ते समजण्यासारखं आहे. न समजण्यासारखं एवढंच, की मी होते. तीन स्टेशनं पलीकडे राहते, हात शाबूत आहे, अक्षर तिच्यासारखंच आहे. मला लिहून दे म्हणण्यापेक्षा मला मारणं तिने पसंत केलं.

युद्धाच्या शेवटच्या वर्षी मी पहिलीत होते आणि ताझु दोन वर्षांची. आई तापाने गेली, वडील सैन्यातून परत आले ते खोकत आले. मी ताझुला पाठीला बांधून शाळेत न्यायची. पुष्कळ मुली तशा यायच्या, त्यात विशेष नव्हतं. पण ताझु रडायची, आणि रडली की बाई म्हणायच्या, किनुए, बाहेर. बाहेर म्हणजे लाकडी बोळात. तिथे मी तिला थोपटत येरझाऱ्या घालायची आणि सरकत्या दारापलीकडून वर्गाचा एकसुरी आवाज यायचा. आवाज यायचा, फळा दिसायचा नाही. सगळी मुलं एकदम एखादा शब्द म्हणायची आणि तो शब्द फळ्यावर कसा दिसतो ते मला कधीच कळायचं नाही. माझ्या पाठीवर ओल पसरायची, गरम आणि मग गार. ती ओल मला आजही थंडीत खांद्यांच्या मध्ये जाणवते. पुढे मी जायचीच बंद झाले. धाकटी अक्षरं आली होती तेवढी आली. बोल्टांच्या कारखान्यात तेलाच्या डब्याजवळ बसून मी बोल्ट मापाप्रमाणे निवडायची, आणि ताझु मोठी होऊन त्याच शाळेत गेली, पाठीवर कुणाला न घेता. एकदा ती जेवणाचा डबा विसरली म्हणून मी कारखान्यातून तशीच, तेलाच्या हाताने, तिच्या वर्गाशी गेले. मागच्या भिंतीवर मुलांनी कुंचल्याने लिहिलेले कागद टांगले होते. एका कागदावर लाल शाईचा गोल होता आणि गोलाला बाहेरून पाकळ्या. फारच चांगलं लिहिलं तर आमच्याकडे असा फुलाचा गोल मिळतो. दाराशी बसलेल्या मुलीला मी विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, ताझुकोचं, दर वेळी तिचंच. डबा तिच्या हातात देऊन मी परत आले. माझ्या पोटात त्या दिवशी जे पेटलं त्याला अभिमान म्हणतात असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. अभिमानाने माणसाला झोप लागते. मला लागत नव्हती. मी अंधारात त्या पाकळ्या मोजत पडायची आणि त्यांतल्या निम्म्या माझ्या आहेत असा हिशेब करायची.

माझं लग्न झालं, ती शिक्षिका झाली, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षापासून तिने मलाही नववर्षाचं कार्ड पाठवायला सुरुवात केली. माझा नवरा योनेझो बंदरावर क्रेन चालवायचा. तो मला ते वाचून दाखवायचा, एका सुरात, रेडिओवरच्या हवामानासारखं. कसं आहे रे अक्षर, मी विचारायची. "चांगलं आहे. काळं आहे," तो म्हणायचा. त्याला अक्षरातलं तेवढंच दिसायचं. मी कार्ड बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. मूलबाळ झालं नाही, योनेझो गेला, आणि त्या वर्षीचं कार्ड आलं ते वाचायला घरात कुणी नव्हतं. शेजारणीकडे नेता आलं असतं. नेलं नाही. छप्पन्नाव्या वर्षी मी संध्याकाळच्या शाळेत नाव घातलं, जिथे माझ्यासारख्याच आजीबाया लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वळवून बसतात. काजितानी मास्तर माझ्या मुलाच्या वयाचे, असता तर. सहा महिन्यांनी त्यांनी माझी वही उचलली आणि म्हणाले, "आजी, हे वळण कुणाचं? हे मी शिकवलेलं नाही." मी म्हटलं, "कारखान्यातलं आहे." घरी डब्यातली अठ्ठावीस कार्डं पसरून मी रोज ताझुचं अक्षर गिरवत होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. कुणाला सांगितलं नाही. तिची रेघ कुठे दाबते, कुठे उचलते, कुठे कंटाळते, हे मला तिच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ झालं. दोन वर्षांनी मी तिला माझ्या हातचं पहिलं कार्ड पाठवलं, सगळं थोरल्या अक्षरांत, चार ओळी. आठ दिवसांनी तेच कार्ड पाकिटातून परत आलं. तिसऱ्या ओळीतल्या एका रेघेवर तिने लाल शाईने दुरुस्ती केली होती. बाकी काही नाही. गोल नव्हता. फोनवर ती म्हणाली, "मिळालं हं कार्ड, शाबास." मी अठ्ठावन्न वर्षांची होते, अशा गोष्टीवर रडायचं वय नव्हतं. छत्तीस वर्षं तिने लोकांच्या पोरांना फुलाचे गोल वाटले, नाक गळणाऱ्या नाकात्सुजीलासुद्धा मिळाला असेल.

म्हणून वसंतात दवाखान्यात जे झालं ते माझ्याकडून झालं. स्मृतीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नम्र होत्या. ताझु म्हणाली, डोळ्यांचं आहे, चष्मा बदलायला हवा. बाईंनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाल्या, मी शब्द सांगते, तुम्ही लिहा. पहिले दोन तिने लिहिले. तिसरा होता 'टपाल'. ताझुने पेन टेकवलं. डावी बाजू बरोबर उतरली, तिच्या खास दाबाची, आणि उजव्या बाजूला भलत्याच कुठल्या अक्षराचं अंग येऊन बसलं. दिसायला अगदी अक्षर. पण असं अक्षर जगात कुठे नाही. तिलाही ते कळलं, कारण वाचणं शाबूत आहे. तिने ते खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा दुसरंच कुणीतरी आलं. आम्हा लोकांना अक्षर आठवेना की बोटाने हवेत नाहीतर मांडीवर काढून बघायची सवय असते, हाताला आठवतं म्हणून. तिच्या मागच्या खुर्चीवर बसून माझं बोट माझ्या गुडघ्यावर केव्हा चालायला लागलं ते मला कळलं नाही. टपाल. मला येत होतं. अकरा रेघा, एकेक आपापल्या जागी. आणि ताझुची मान किंचित वळली. जिने वर्गात दुसऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं ती माझी बहीण डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्या गुडघ्याकडे बघत होती. मी मूठ मिटली. हे मी लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. मी तिला बघू दिलं नाही. तिने शेवटी तो शब्द धाकट्या अक्षरांत लिहिला, पोरासारखा, आणि कागद पुढे सरकवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिहिणं आधी जातं, वाचणं मागून, घाबरू नका. बसमध्ये ताझु खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि मी तिच्या शेजारी माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले. मला आतून बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं. फळा शेवटी दिसला होता, आणि बोळात ती होती.

पार्सल आलं त्याला चार दिवस झाले आणि उएमोरी आला. ताझुचा जुना विद्यार्थी, आता साठीचा, चटयांचं दुकान आहे. फोन न करता आला. दार मी उघडलं. "आपण?" तो म्हणाला. त्या क्षणी मी खरं सांगितलं असतं तर ताझुची दोनशे बारा माणसं संध्याकाळपर्यंत कुजबुजायला लागली असती. खरं माझ्या जिभेवर होतं, बोल्टाच्या चवीचं. मी म्हटलं, "मी चुलत बहीण." तो म्हणाला, "उदबत्ती लावायला आलो होतो, फोटो कुठे आहे?" मी आत बघितलं. ताझुने तेवढ्या वेळात कपाटातून माझा एक फोटो काढून देव्हाऱ्यात आईबाबांच्या शेजारी उभा केला होता. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सहलीतला, हातात खेकड्याचा पाय, तोंड भरलेलं. दुसरा सापडला नसेल. उएमोरी फोटोपुढे गुडघ्यांवर बसला, उदबत्ती लावली, घंटा वाजवली, बराच वेळ हात जोडून बसला. मी मागे चहा घेऊन उभी. मग तो वळला, फोटो बघितला, मला बघितलं.

"किती सारख्या दिसता हो."

"आमच्या घराण्याचे गाल आहेत," मी म्हटलं.

"खाऊन-पिऊन सुखी होती," ताझु म्हणाली.

"कशा होत्या त्या, बाई? आम्हाला तर तुम्हाला बहीण होती हेच कार्डावरून कळलं. आमच्या वर्गात मी सगळ्यांना विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं."

छत्तीस वर्षं. मी कपबशी त्याच्यापुढे ठेवली आणि तिथेच बसले. ती काय सांगते त्याच्यासाठी मी सगळ्या अंगाने थांबले होते, जशी त्या बोळात दारापलीकडचं ऐकायला थांबायची. ताझु चहाच्या वाफेकडे बघत होती. "सांगण्यासारखं काही नव्हतं रे," ती म्हणाली. "कारखान्यात होती." मग थोड्या वेळाने, "भरभर जेवायची."

उएमोरीने दुकानाच्या नव्या पाटीचा विषय काढला. मुलगा दुकान हातात घेतोय, बाईंच्या हातचं नाव हवं, पुढच्या महिन्यात. मी घाबरले, कुणासाठी ते कळलं नाही. ताझु शांतपणे म्हणाली, "दुखवट्यात शुभाचं लिहीत नाहीत, उएमोरी. वर्ष जाऊ दे." तो खजील झाला, वाकून वाकून माफी मागून गेला. दार लागल्यावर ताझुने माझ्याकडे बघितलं, वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी मुलगी बघते तसं. माझ्या मरणाचा असाही उपयोग होता. मी देव्हाऱ्यातून फोटो उचलला आणि पिशवीत टाकला. "असू दे ना," ती म्हणाली, "अजून कुणी आलं तर?" मी पुन्हा तिथे ठेवला.

नववर्षाच्या सकाळी तिच्या पेटीत एकही कार्ड नव्हतं. दुखवट्याच्या घरी कुणी पाठवत नाही. माझ्या पेटीत दहा आली, अकरावं तिचं असायचं. मी तिच्याकडे सणाचं जेवण घेऊन गेले तेव्हा ती अंगणात पेटीचं झाकण उघडून आत बघत उभी होती, पेटी रिकामी आहे हे माहीत असून. आयुष्यात पहिल्यांदा माझी कार्डं तिच्यापेक्षा जास्त होती. त्याचं मी काय करणार होते? तरी ती पिशवीत घालून आणली होतीच, तिला दाखवायला. दाखवली नाहीत. दातांच्या डॉक्टरच्या कार्डावर डुक्कर छापलेलं होतं, आमच्या बारा प्राण्यांच्या वर्षचक्रात ते वर्ष डुकराचं होतं.

सात तारखेनंतर सांत्वनाला उत्तरं पाठवायची असतात. थंडीची विचारपूस म्हणून साधं कार्ड, पण हे हाताने लिहायचं, छापलेलं पाठवणं म्हणजे तोंडावर दार लावणं. एकतीस जणांनी उदबत्त्या आणि पत्रं पाठवली होती. याचा तिने मला मारताना विचार केला नव्हता. मी गेले तेव्हा ती खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलापाशी, त्याच्या रजईत पाय घालून बसली होती, पुढे दौत, कुंचला आणि सात-आठ वाया गेलेली कार्डं. सगळ्यांवर तीच पहिली ओळ, आणि ओळीत मध्येच ती नसलेली अक्षरं, अर्धी या घरची, अर्धी त्या घरची. तिने ती झाकली नाहीत.

"ताई," ती म्हणाली, "तू लिही."

माझ्या एक्याऐंशी वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेलं हे पहिलं. दूध मागितलं असेल, ते रडून.

"माझं अक्षर कसं चालेल? लोकांना कळेल."

"तुला माझ्या वळणात येतं. मला माहीत आहे. तुझं पहिलं कार्ड आलं तेव्हाच कळलं. ती तिसऱ्या ओळीतली रेघ. ती तशी फक्त मी चुकवते. मुलांना दिसू नये म्हणून जन्मभर जपलं, आणि तू नेमकी तीच उचललीस."

"मग गोल का नाही दिलास?" मी विचारलं. माझा आवाज वेगळाच आला, लहान.

ती चकित झाली. "गोल? अगं, ते माझंच अक्षर होतं. माझ्याच अक्षराला मी गोल कसा देऊ?"

मी दौत माझ्याकडे ओढली. काय लिहू, विचारलं. ती म्हणाली, नेहमीचं, आभार, थंडी, तब्येतीला जपा, आणि मेलेलीबद्दल दोन शब्द. मी नेहमीचं लिहिलं. मग मी कुंचला पुन्हा बुडवला आणि तिच्या हाताने, तिच्या दाबाने, लिहिलं: माझी ताई मला पाठीला बांधून शाळेत नेत असे. मी रडले की तिला वर्गाबाहेर काढत. मी शिकलेलं प्रत्येक अक्षर तिने आधी दाराबाहेर उभं राहून ऐकलेलं होतं. तिच्याविषयी मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, ही चूक माझी आहे.

कार्ड तिच्यापुढे ठेवलं. तिने ते हातात घेऊन वाचलं. वाचणं शाबूत आहे. बाहेर रॉकेलवाल्याची गाडी गाणं वाजवत गेली आणि परत येऊन दुसऱ्या गल्लीत शिरली तरी ती वाचत होती.

"हे मी म्हणाले नव्हते."

"मेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द लिही म्हणालीस."

"दोन म्हणाले. तू चार वाक्यं लिहिलीस."

मला वाटलं आता ती फाडणार. फाडलं असतं तर मी उठून घरी गेले असते आणि एकतीस जणांना माझ्या नावाने लिहिलं असतं की मी जिवंत आहे. तेवढी शाई माझ्यात होती. ताझुने कार्ड टेबलावर ठेवलं, बोटाने एक जागा दाखवली. "इथे कुंचला आधी उचल." मग शाळेतल्या आवाजात म्हणाली, "एकतीस वेळा लिही." ती रजईत आणखी खाली सरकली आणि तोंड भिंतीकडे करून पडली. मी संध्याकाळपर्यंत लिहीत होते. पहिलं कार्ड, ज्यात रेघ चुकली होती, ते बाजूला ठेवलं.

फेब्रुवारीत लोकांची पत्रं यायला लागली. बाई, तुमचं कार्ड वाचून आईला दाखवलं. बाई, वर्गात असताना हे सांगितलं असतंत तर. उएमोरीने लिहिलं होतं की असं लिहायला मोठं मन लागतं, आमच्या बाईच लिहू जाणे. ताझु ती पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवायची, योनेझोपेक्षा कितीतरी चांगलं वाचायची. मोठं मन. मी चहा गाळत उभी असायची आणि माझे कान तापायचे. माझे शब्द, माझी पाठ, माझी ओल, आणि मन तिचं मोठं. मेल्यावरसुद्धा फुलं तिलाच.

त्या महिन्याच्या शेवटी मी बाजारातून आले तर ती टेबलापाशी बसली होती आणि पुढे ते बाजूला ठेवलेलं कार्ड होतं. कुठल्या खणात सापडलं कोण जाणे. तिने ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

"ताई, हे मी कधी लिहिलं?"

"जानेवारीत."

"मीच?"

पिशवी अजून माझ्या हातात होती, कांद्याच्या पाती बाहेर आलेल्या. मी म्हणू शकत होते, मी लिहिलं. मग ती वाक्यं एका म्हातारीने स्वतःच्या मरणावर स्वतःच लिहिलेली कौतुकं झाली असती. ती तिची असली तरच माझ्या कामाची होती.

"तूच," मी म्हटलं.

ती पुन्हा वाचत गेली, ओठ हलवत. मग खणातून लाल शाईची जुनी दौत काढली, तिचं झाकण उघडेना, मी उघडून दिलं. तिने कुंचला बुडवला. ज्या हाताला 'टपाल' जमत नव्हतं, तो हात कुठेही न अडखळता मजकुराभोवती फिरला, एक अख्खा गोल, आणि बाहेरून पाकळ्या, एक, दोन, पाच.

"बघ," ती म्हणाली आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं. "अजून जमतं."

"जमतं," मी म्हटलं.

स्वतःच्या अक्षराला गोल कसा देऊ, असं ती म्हणाली होती. ते तिला आठवत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. शाई ओली होती. मी पिशवी खाली ठेवली, तिच्यासमोर बसले, आणि ती सुकेपर्यंत कार्डाला हात लावला नाही.